मामाच्या कंट्रोल रूममधले नायक

स्पेन्सर ट्रेसी या जुन्या अमेरिकन नटाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. त्याचा चेहरा मात्र मला त्याआधी अठरा वर्षं माहीत होता.

हे कसं घडलं ते सांगायचं तर तासगावला मामाच्या घरी जायला हवं, 1997 च्या मे महिन्यात. मामाची तेव्हा केबल होती. गच्चीवर दोन मोठ्या जाळीच्या डिश आणि जिन्याच्या टोकाला पत्र्याची एक खोली. तिला घरातले सगळे कंट्रोल रूम म्हणत. आत लोखंडी रॅकवर एकाखाली एक रिसीव्हर आणि मॉड्युलेटर, त्यांच्या मागे काळ्या वायरींचा गुंता, आणि रात्रंदिवस फिरणारा एक टेबलफॅन. तो फॅन मशिनांसाठी होता. आपण त्याच्यासमोर बसलो तर मामा उठवायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. कुठल्या चॅनलचं चित्र कसं जातंय ते त्याच्यावर बघायचं. त्याचा आवाज कायम बंद. बरोबर खालच्या खोलीत आज्जी झोपायची, आणि मामाला फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या असायच्या.

रात्री मामा त्याच्या व्हिडिओ चॅनलवर सिनेमा लावायचा. पहिली कॅसेट संपली की दुसरी घालायची, हे सुट्टीतलं माझं काम. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि हे काम मिळाल्याचा मला फार अभिमान होता. हिंदी सिनेमा आधीच बघितलेला असला की मी टीव्हीवर दुसरं चॅनल लावून बसायचे. कार्टून नेटवर्क रात्री बंद व्हायचं आणि त्याच जागी टीएनटी सुरू व्हायचं. टीएनटीवर जुने अमेरिकन सिनेमे. खाली अक्षरं नाहीत, आवाज नाही, आणि असता तरी मराठी शाळेत सातवी झालेल्या मुलीला ते इंग्रजी कळलं नसतं. त्यामुळे मला चेहरे बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. रोज रात्री दीड-दोन तास, तीन-चार सुट्ट्या, मी मुके चेहरे बघत होते.

आता मी एका न्यायालयात स्टेनो आहे. दिवसभर साक्षी उतरवून घेते. बोलणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. हात लिहीत असताना माझी नजर मात्र ऐकणाऱ्यांकडे जाते, कोण ऐकतंय आणि कोण फक्त आपली पाळी यायची वाट बघतंय ते बघायला. ही सवय मला नोकरीने लावली असं मी बरीच वर्षं समजत होते. ती त्या पत्र्याच्या खोलीत लागली. आणि माझे आवडते नायक कोण, या प्रश्नाचं माझं उत्तरही तिथलंच आहे: समोरचा बोलत असताना ज्यांच्यावरून नजर हलत नाही ते.

म्हणून ट्रेसी पहिला.

तो सिनेमा ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ होता, हे मला नंतर कळलं. 1955 चा, जॉन स्टर्जेसचा. तेव्हा मला दिसलं ते एवढंच: वाळवंटातल्या एका भकास स्टेशनावर गाडी थांबते, त्यातून गडद सूट आणि हॅट घातलेला एक वयस्कर माणूस उतरतो, आणि गावातला प्रत्येक जण त्याच्याकडे असा बघतो की जणू तो उतरायलाच नको होता. त्या माणसाचा डावा हात कोटाच्या खिशात. मला वाटलं, खिशात पिस्तूल आहे. सिनेमाभर मी तो हात बाहेर यायची वाट बघितली. तो आलाच नाही. खाणावळीत एक दांडगा माणूस त्याच्या ताटलीत सॉस ओततो, त्याला डिवचत राहतो, आणि हा ऐकून घेतो. खूप वेळ ऐकून घेतो. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. मग एका क्षणात, उजव्या हाताच्या दोन-तीन फटक्यांत, तो दांडगा जमिनीवर. मी उभी राहिले होते. मामाने वळून विचारलं, "काय झालं गं, लाइन गेली का?"

त्या माणसाचा एक हात निकामी आहे, आणि तो या गावात एका जपानी शेतकऱ्याला त्याच्या मुलाचं पदक द्यायला आलाय, हे मला 2015 मध्ये कळलं, लॅपटॉपवर आवाजासकट बघितला तेव्हा. युद्धात त्या मुलाने याचा जीव वाचवताना स्वतःचा गमावलेला असतो. आणि गावाने त्या मुलाच्या बापाला मारून टाकलेलं असतं, तो जपानी आहे एवढ्याच कारणावरून. अख्खं गाव ते लपवतंय. ट्रेसी प्रश्न विचारत फिरतो आणि उत्तरांपेक्षा उत्तरं द्यायला लोकांना लागणारा वेळ ऐकतो. हे मी रोज बघते. साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांच्या आधी तो वेळ बोलतो.

सॉस ओतणारा तो दांडगा नट अर्नेस्ट बोर्गनाइन. पुढच्या ऑस्करला उत्कृष्ट अभिनेत्याच्या यादीत ट्रेसीचं नाव याच सिनेमासाठी होतं, आणि बक्षीस मिळालं बोर्गनाइनला, ‘मार्टी’ नावाच्या दुसऱ्या सिनेमातल्या एका साध्या, एकट्या खाटकाच्या भूमिकेसाठी. ट्रेसीकडे त्याआधीच लागोपाठच्या दोन वर्षांची दोन ऑस्करं होती, 1937 आणि 1938 ची.

मग मी त्याच्याबद्दल वाचायला लागले, आणि एक गोष्ट अशी सापडली की त्या दिवशी मी पुढे वाचू शकले नाही. ट्रेसीचा मुलगा जॉन, 1924 साली जन्मलेला, जन्मतः बहिरा होता. त्याची आई लुईझ हिने त्याला ओठ वाचायला आणि बोलायला शिकवलं. 1942 मध्ये तिने लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या नावाने एक संस्था सुरू केली. बहिऱ्या मुलांच्या आईबापांनी घरी काय करायचं ते ती संस्था शिकवायची, लांबच्या लोकांना पोस्टाने धडे पाठवायची, आणि कुणाकडून पैसे घ्यायची नाही. ट्रेसी नवरा म्हणून चांगला नव्हता. तो घराबाहेर राहिला, दारू प्यायला, त्याचं आयुष्य दुसरीकडे गेलं. तरी मला वाटतं, ज्या घरात एका मुलाला फक्त चेहरा दिसतो, शब्द पोचत नाहीत, त्या घरातल्या बापाला चेहऱ्याने खोटं न बोलण्याची सवय लागत असणार. हे माझं वाटणं आहे, कुठे लिहिलेलं नाही. पण आवाज बंद असलेल्या टीव्हीवर मी त्या मुलाच्याच जागी बसलेली होते, आणि मला त्याचा बाप पूर्ण समजत होता.

शेवटचा सिनेमा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’. 1967. गोऱ्या घरातली मुलगी काळ्या डॉक्टरशी, म्हणजे सिडनी पॉइटियेशी लग्न करायचं म्हणते. शेवटी ट्रेसी सगळ्यांना बसवून बोलतो. तब्येत इतकी ढासळली होती की त्याला दिवसातले थोडेच तास काम करता यायचं. चित्रण संपल्यावर जेमतेम पंधरा-सतरा दिवसांत, 10 जून 1967 ला, तो गेला. त्या भाषणात मागे कॅथरिन हेपबर्न, सिनेमातली त्याची बायको, त्याच्याकडे बघतेय, डोळे भरलेले. पडद्याबाहेर पंचवीसेक वर्षं ती त्याच्याबरोबर होती. तिने हा सिनेमा पूर्ण झाल्यावर कधीच बघितला नाही. मी तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघितला आणि तिच्याकडेच बघत राहिले.

हेन्री फोंडा मला उलट्या वाटेने भेटला. आधी दूरदर्शनवर ‘एक रुका हुआ फैसला’ बघितला होता, बासू चटर्जींचा, के. के. रैना आणि पंकज कपूरचा. तो ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’वरून केलाय हे कळल्यावर मूळ सिनेमाची सीडी मिरजेत एका दुकानातून मागवून घेतली. 1957 चा, सिडनी ल्युमेटचा पहिला सिनेमा, आणि निर्मात्यांपैकी एक स्वतः फोंडा. बारा ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसवलेली साधी माणसं, एक खोली, एका पोराच्या फाशीचा प्रश्न. अकरा जण हात वर करतात आणि एक जण करत नाही.

कोर्टातल्या माझ्या सोबतच्या मुलींना मी हा दाखवला तेव्हा पहिला प्रश्न आला, ज्युरी म्हणजे काय. आपल्याकडे ज्युरी होती, 1959 मध्ये नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं आणि उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, हे त्यांना सांगितलं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. मग पुढे दीड तास कुणी बोललं नाही.

ल्युमेटने एक गोष्ट केली आहे, ती दुसऱ्यांदा बघताना नीट कळते. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर आहे, मधल्या भागात डोळ्यांच्या रेषेत, शेवटी खाली. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात, त्यामुळे मागच्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि शेवटाकडे छत दिसायला लागतं. उकाडा कळतो. मेमधली तासगावची खोली मला आठवते. या सगळ्यात फोंडा सगळ्यात कमी हलतो. ली जे. कॉब ओरडतो, टेबल आपटतो, आणि फोंडा मान किंचित एका बाजूला करून त्याचं शेवटपर्यंत ऐकतो. त्याला हरवायला ऐकत नाही. खरंच काय म्हणतोय ते कळावं म्हणून ऐकतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा वकील मी दोनदा बघितला.

त्या सिनेमाच्या सुरुवातीला फोंडा खिडकीशी उभा आहे. बाकीचे बसतायत, कोट काढतायत, सामन्याच्या तिकिटाचं बोलतायत, आणि हा बाहेर बघतोय. ती खिडकी मला आता वेगळी दिसते. 28 सप्टेंबर 1919 ला, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात, जमावाने विल ब्राउन नावाच्या काळ्या माणसाला कोर्टाच्या इमारतीतून ओढून काढलं, मारलं, टांगलं, जाळलं. कोर्टाची इमारत पेटवली. समोर एक छापखाना होता, फोंडाच्या वडिलांचा. चौदा वर्षांच्या हेन्रीने हे सगळं छापखान्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं. वडील शेजारी उभे होते. त्यांनी उपदेश केला नाही, समजावून सांगितलं नाही. छापखाना बंद करून दोघं गाडीत बसून घरी आले. फोंडाने हे म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितलं.

त्यानंतर त्याच्या सिनेमांची यादी परत वाचून बघा. 1939 मध्ये ‘यंग मिस्टर लिंकन’, त्यात तो तुरुंगाच्या दारात उभा राहून जमावाला परत पाठवतो. 1943 मध्ये ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’, त्यात जमावाला थांबवणं जमत नाही, तीन निरपराध माणसं टांगली जातात, आणि शेवटी फोंडा त्यातल्या एकाचं बायकोला लिहिलेलं पत्र मोठ्याने वाचतो. वाचताना शेजारच्याच्या हॅटची कड त्याच्या डोळ्यांवर येते, डोळे दिसत नाहीत, फक्त तोंड आणि आवाज. मग ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. तीन सिनेमे, चौदाव्या वर्षी बघितलेल्या एकाच रात्रीचे. त्याच्या पुढे मला त्याचं ऑस्कर वगैरे बोलावंसं वाटत नाही. ते मिळालं 1982 साली, ‘ऑन गोल्डन पाँड’साठी. तो इतका आजारी होता की मुलगी जेनने व्यासपीठावर जाऊन घेतलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये तो गेला.

जेम्स स्ट्युअर्ट तर मला टीएनटीवरच दिसला, आणि त्याच्यावर माझं मन बसलं म्हटलं तरी चालेल. उंच, हाडकुळा, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणारा. आमच्या मामीला तो तिच्या माहेरच्या एका मास्तरांसारखा दिसायचा. ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा सिनेमा बुडापेस्टमधल्या एका दुकानात घडतो, 1940 चा, एर्न्स्ट लुबिचचा. दुकानातली दोन नोकर माणसं एकमेकांचा राग राग करतात, आणि दोघंही एका अनोळखी माणसाला प्रेमाची पत्रं लिहितायत. ती अनोळखी माणसं म्हणजे हीच दोघं. मधे एक कॅफेतला प्रसंग आहे. स्ट्युअर्टला आता कळलेलं आहे, मार्गारेट सुलावनला कळलेलं नाही. ती त्याला वाट्टेल तसं बोलते. आवाजाशिवायही मला कळलं की ती त्याला फार लागेल असं काहीतरी बोलतेय, आणि कळलं की तो तिच्यावर प्रेम करतो. हे मला कसं कळलं? चेहऱ्यावर अपमान उतरतो, आणि त्याच्या मागून, अपमानाला न ढकलता, दुसरं काहीतरी वर येतं. खूप वर्षांनी ते संवाद ऐकले. माझं काही चुकलं नव्हतं.

पुढे तो युद्धावर गेला. आधी वजन कमी म्हणून त्याला परत पाठवलं होतं. मार्च 1941 मध्ये, अमेरिका युद्धात उतरायच्या आधीच, तो सैन्यात भरती झाला. बी-24 बॉम्बर विमानं घेऊन युरोपवर वीस मोहिमा केल्या. परत आल्यावर त्या मोहिमांबद्दल तो जवळपास बोललाच नाही. 1946 मध्ये फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा युद्धानंतरचा त्याचा पहिला सिनेमा, आणि त्यात टेलिफोनचा प्रसंग आहे. डोना रीड आणि तो, एकच रिसीव्हर दोघांच्या मधे, पलीकडून एक मित्र धंद्याच्या गोष्टी सांगतोय. गाल एकमेकांना लागायच्या बेतात आहेत. दोघंही फोनमधला एक शब्द ऐकत नाहीयेत, एकमेकांचा श्वास ऐकतायत. आणि स्ट्युअर्टचा चेहरा चिडलेला आहे, घाबरलेला आहे. त्याला गाव सोडून जायचंय आणि त्याला कळतंय की आता जाता येणार नाही. पहिल्याच टेकमध्ये झाला तो प्रसंग. युद्धाआधीच्या स्ट्युअर्टला तो जमला नसता असं मला ठामपणे वाटतं. आधीच्या चेहऱ्यात ती भीती नाही.

(त्याचं 1940 सालचं ऑस्कर पेनसिल्व्हेनियात वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात, काचेच्या खिडकीत, वर्षानुवर्षं ठेवलेलं होतं. वडिलांनीच ते मागून घेतलं. आमच्याकडेही बक्षिसाचा कप दुकानातच ठेवतात.)

कॅरी ग्रँटबद्दल सगळे त्याच्या बोलण्याचं आणि सुटाचं कौतुक करतात. मी त्याचं बोलणं न ऐकता त्याला बघितलं, आणि मला तो डोंबाऱ्यासारखा वाटला. हे मी मनापासूनच्या आदराने म्हणतेय. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधला विमानाचा प्रसंग, उघडं माळरान, सरळ रस्ता, एकटा माणूस. कितीतरी मिनिटं काहीच घडत नाही. पलीकडे एक माणूस येऊन उभा राहतो, हा रस्ता ओलांडून त्याच्याकडे जातो, दोन वाक्यं होतात, बस येते, तो जातो. त्या प्रसंगाला अगदी शेवटापर्यंत संगीत नाही, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये माझं काही बिघडलं नाही. ग्रँट काय करतो? हात खिशात घालतो, बाहेर काढतो, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघतो. मग विमान येतं आणि तो पळतो, पडतो, परत पळतो. चोपन्न वर्षांचा माणूस.

त्याचं खरं नाव आर्चिबाल्ड लीच. गाव इंग्लंडमधलं ब्रिस्टल, जिथे राजा राममोहन रॉय 1833 मध्ये वारले. पोरवयात तो बॉब पेंडरच्या कसरतीच्या मंडळीत सामील झाला, उड्या मारायला, उंच काठ्यांवर चालायला शिकला, आणि 1920 मध्ये त्याच मंडळीबरोबर जहाजाने न्यूयॉर्कला आला. न बोलता गोष्ट कशी सांगायची हा त्याचा मूळ धंदा. पण त्याआधी एक घडलं होतं. तो शाळकरी असताना एक दिवस घरी आला तर आई नव्हती. समुद्रकिनारी हवा बदलायला गेलीय असं त्याला सांगितलं. नंतर वारली असं कळवलं. ती जिवंत होती, वडिलांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, आणि हे त्याला कळलं तेव्हा तो तिशीत होता, प्रसिद्ध होता. त्याने तिला तिथून बाहेर काढलं आणि ती 1973 मध्ये जाईपर्यंत सांभाळलं. ‘नटोरियस’मध्ये त्याचा चेहरा इतका बंद का आहे, इन्ग्रिड बर्गमनवर विश्वास ठेवायला त्याला इतका वेळ का लागतो, याचं कारण कथेत दिलेलं आहे. पण तो सिनेमा बघताना मला ते रिकामं घर आठवतं.

हम्फ्री बोगार्टवर मी थोडंच लिहिणार आहे. त्याच्यावर इतरांनी खूप लिहिलंय, आणि माझ्याकडे फक्त एक मान हलवणं आहे. ‘कॅसाब्लांका’त जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणतायत. दुसरा एक माणूस बँडकडे जाऊन काहीतरी सांगतो. बँडवाले वर बघतात, बोगार्ट उभा आहे, तो किंचित मान हलवतो. आणि सगळी खोली उभी राहून गायला लागते. तेरा वर्षांची असताना मला वाटलं, आरती सुरू झाली. सगळे उभे, तोंडं उघडी, डोळ्यांत पाणी. ते फ्रान्सचं राष्ट्रगीत होतं. आणि पाणी खरं होतं: रडत गाणारी मादलेन लबो 1940 मध्ये पॅरिस सोडून पळालेली, तिचा नवरा मार्सेल दालिओही त्याच सिनेमात, आणि जर्मन मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला. बोगार्टने पुढे सांगितलं होतं की दिग्दर्शकाने त्याला फक्त, इथे ये आणि मान हलव, एवढंच सांगितलं. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं. माझाही त्या क्षणी तेवढाच संबंध होता, आणि तरी अंगावर काटा आला. त्या सिनेमातला पियानोवाला सॅम, डूली विल्सन, मुळात ड्रम वाजवणारा. पियानो त्याला येत नव्हता. माझ्या मुक्या टीव्हीवर तो उत्तम वाजवत होता.

ग्रेगरी पेकला मी शेवटी ठेवलंय, कारण तो माझ्या कामाच्या खोलीत घडतो. मामी म्हणायची, हा आपल्या देव आनंदसारखा दिसतो. त्या काळी लोक देव आनंदला ग्रेगरी पेकसारखा म्हणायचे, हे तिला ठाऊक नव्हतं. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, 1962. अलाबामातलं छोटं गाव, खोट्या आरोपात अडकलेला काळा माणूस टॉम रॉबिन्सन, आणि त्याचा गोरा वकील ॲटिकस. सगळे शेवटच्या भाषणाबद्दल बोलतात. मी सांगते, टॉमची साक्ष बघा. ब्रॉक पीटर्स साक्ष देताना खरोखर रडायला लागला, आणि पेकने नंतर सांगितलं की त्याच्या डोळ्यांत बघितलं तर आपल्यालाच बोलता येणार नाही म्हणून त्याला पीटर्सच्या पलीकडे बघावं लागलं. पडद्यावर ते दिसतं. वकील प्रश्न विचारतो आणि त्याची नजर साक्षीदाराच्या खांद्यावरून जाते. मी हे प्रत्यक्षात बघितलंय, एका सरकारी वकील बाईंच्या बाबतीत, एका लहान मुलीची साक्ष चालू असताना. त्या दिवशी माझ्या वहीतली अक्षरं वाकडी आहेत.

निकाल लागल्यावर कोर्ट रिकामं होतं. वर गॅलरीत काळी माणसं बसलेली आहेत, खाली बसायला त्यांना परवानगी नाही. ती सगळी उभी राहतात. पेक कागद गोळा करतो, बॅगेत घालतो, चालत जातो आणि वर बघत नाही. त्याला माहीत नाही की ती उभी आहेत. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या हार्पर लीने आपल्या वकील वडिलांचं खिशातलं घड्याळ पेकला दिलं होतं, आणि ऑस्कर घ्यायला गेला तेव्हा ते त्याच्याजवळ होतं. 2003 मध्ये पेक गेला. त्याच्या अंत्यविधीत त्याच्याबद्दल बोलायला उभा राहिला तो ब्रॉक पीटर्स.

ती गॅलरी माझ्या मनातून जात नाही. मी इथे लिहिलेले सहाही नायक गोरे आहेत. त्या काळच्या हॉलिवूडने काळ्या नटाला नायक जवळपास होऊच दिलं नाही. पॉइटियेला 1964 मध्ये उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, ते मिळवणारा तो पहिला काळा नट. मामाच्या टीव्हीवर मला तो कधी दिसला नाही. दिसला असता तर ही यादी वेगळ्या नावाने सुरू झाली असती, याची मला खात्री आहे, कारण ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये तो ज्या तऱ्हेने रॉड स्टायगरचं ऐकून घेतो ते या सगळ्यांच्या बरोबरीचं आहे.

त्याच काळातला दुसरा मोठा नायक क्लार्क गेबल मला कधी भावला नाही. तो ऐकताना हसतो. गॅरी कूपर आवडतो, पण ‘हाय नून’पुरता.

सेट टॉप बॉक्स आले तशी मामाची केबल गेली. कनेक्शनं त्याने दुसऱ्याला दिली, रॅक भंगारात गेला, एक डिश अजून गच्चीवर आहे, तिच्यात मामीने दोडक्याचा वेल चढवलाय. पत्र्याच्या खोलीत आता गव्हाची पिंपं. गेल्या दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन तिथे बसले आणि मामाला ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ लावून दिला. तो आता सत्तरीला आलाय. गाडी थांबली, माणूस उतरला. मामा पुढे वाकला.

"हा तर खिशात हात घातलेला," तो म्हणाला. "ह्याचा हात शेवटपर्यंत बाहेर येत नाही."

मला वाटत होतं, त्या रात्री त्याचं लक्ष फोनकडे असायचं.

ट्रेसीने तोंड उघडलं तेव्हा मामाने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, "तो पंखा बंद कर जरा. ऐकू दे."